तीन पिढ्यांचे शाकाहारी घर आणि एक स्टेंट

प्रश्न : आम्ही इंदूरला सुदामानगरात राहतो. यजमानांचे वय 54, नोकरी बँकेतली. श्रावणात त्यांच्या छातीत दुखू लागले. दोन दिवस आम्ही पित्त समजून अंगावर काढले. तिसऱ्या दिवशी दवाखान्यात नेले, तेव्हा हृदयविकाराचा झटका असल्याचे कळले आणि एका रक्तवाहिनीत स्टेंट (ती उघडी ठेवणारी जाळीदार नळी) बसवावा लागला. आमच्या घरात तीन पिढ्यांत कोणी अंड्यालासुद्धा हात लावलेला नाही, मग हे यांच्याच वाट्याला का यावे? पुण्याला असलेला मुलगा म्हणतो, दूध, दही, तूप, तेल सगळे बंद करा आणि फक्त वनस्पतीजन्य आहार घ्या, म्हणजे नळ्या आपोआप मोकळ्या होतील. सासूबाई (वय 79) म्हणतात, घरचे तूप कधी कोणाला बाधत नाही. यजमानांना वाटते, आहार सुधारला की तीन महिन्यांत गोळ्या सुटतील. ते सिगारेट-दारू घेत नाहीत, जेवणानंतर तंबाखूची चिमूट तेवढी लागते. मी स्वयंपाकघरात नेमके काय बदलू?
– एक गृहिणी, इंदूर

उत्तर :

सप्रेम नमस्कार.

आपले पत्र मी दोनदा वाचले. ‘यांच्याच वाट्याला का’ या वाक्यात दुःखाबरोबर एक अपराधीपणही मला जाणवले, जणू आपल्या हातच्या स्वयंपाकातच काही उणे राहिले असावे. तसे मनात मुळीच आणू नका. हृदयविकार एका कारणाने होत नाही, आणि एका व्यक्तीच्या हातून तर कधीच होत नाही. 52 देशांत झालेल्या ‘इंटरहार्ट’ या मोठ्या अभ्यासाचे निष्कर्ष 2004 साली प्रसिद्ध झाले. पहिल्या झटक्याच्या धोक्यापैकी सुमारे 90 टक्के धोका तंबाखू, रक्तातील मेदाचे बिघडलेले प्रमाण, रक्तदाब, मधुमेह, पोटाचा घेर, मानसिक ताण, भाजी-फळांची कमतरता, मद्य आणि व्यायामाचा अभाव या नऊ गोष्टींशी जोडलेला आढळला. त्याच अभ्यासातून असेही दिसले, की दक्षिण आशियातील माणसाला पहिला झटका सरासरी 53 व्या वर्षी येतो, तर इतरत्र तो 59 च्या आसपास येतो. यजमानांचे वय या आकड्याच्या किती जवळ आहे ते आपल्या लक्षात येईल. त्या नऊ कारणांपैकी एक तर आपण पत्राच्या शेवटी ‘तेवढी’ म्हणून लिहून टाकले आहे. त्याकडे मी पुढे येणारच आहे.

शाकाहारी घरात हृदयविकार कसा शिरला, हा प्रश्न आपल्या शहरातल्या पुष्कळ मराठी घरांना पडतो, म्हणून त्याचे उत्तर थोडे विस्ताराने देतो. शाकाहार हा शब्द ताटात काय नाही तेवढेच सांगतो, ताटात काय आहे हे तो सांगत नाही. अमेरिकेतील सुमारे 2 लाख परिचारिका, डॉक्टर आणि आरोग्यसेवेतील इतर व्यक्तींच्या आहाराचा अनेक वर्षे मागोवा घेऊन 2017 साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात संशोधकांनी वनस्पतीजन्य आहाराचे दोन प्रकार वेगळे काढले. अख्खी धान्ये, डाळी, भाज्या, फळे आणि सुकामेवा ज्यांच्या आहारात भरपूर होता, त्यांच्यात हृदयविकाराचा धोका सुमारे 25 टक्के कमी आढळला. मैदा, साखर, गोड पेये, बटाटा आणि मिठाई यांवर ज्यांचा भर होता, त्यांच्यात तो सुमारे 32 टक्के जास्त आढळला. म्हणजे झाडापासून मिळालेलेच अन्न एका ताटात हृदयाला जपत होते आणि दुसऱ्या ताटात त्याला इजा करत होते.

आता आपल्या इंदूरचे ताट डोळ्यांसमोर आणा. सकाळचे पोहे वाफेवर ठेवलेले असतात, त्यात तेल बेताचेच असते, वर डाळिंबाचे दाणे आणि कोथिंबीर असते. हे पोहे मी दोषी धरणार नाही. परंतु त्या पोह्यांवर मूठभर शेव पडते, शेवेवर जीरावन हा खारट मसाला भुरभुरला जातो आणि शेजारी जिलबी येते. शंभर ग्रॅम शेवेत तीसपेक्षा अधिक ग्रॅम तेल असते, जीरावनात आणि शेवेत मिळून मीठ किती जाते याचा कोणी हिशेब ठेवत नाही, आणि जिलबी म्हणजे मैदा, तळण व पाक. संध्याकाळी चहाबरोबर पुन्हा नमकीन किंवा कचोरी, रविवारी तुपात बुडवलेले बाफले (उकडून भाजलेले कणकेचे गोळे), थंडीत गराडू, म्हणजे तळलेला कंद, पाहुणे आले की रात्री दहानंतर सराफ्यातला खाऊबाजार. एकादशीला आणि श्रावणी सोमवारी साबुदाण्याची खिचडी, म्हणजे पिठूळपणाशिवाय फारसे काही नसलेला पदार्थ, तोही बटाट्याबरोबर. यात मांसाचा कण नाही, तरीही मैदा आणि साखरेने ट्रायग्लिसराइड हा रक्तातला मेद वाढतो, उपकारक एचडीएल कोलेस्टेरॉल घटते, मिठाने रक्तदाब चढतो आणि पोटाचा घेर वर्षाला बोटभर पुढे सरकतो. आपल्या घरी हे सगळे होत असेलच असे मी म्हणत नाही. पण पत्रात आपण काय खात नाही ते लिहिले आहे आणि काय खातो ते लिहिलेले नाही, म्हणून हा आरसा समोर धरावासा वाटला.

मुलाचे म्हणणे पूर्ण चूक नाही, आणि वडिलांच्या काळजीने तो हे सारे वाचतो आहे याचे मला कौतुक आहे. नळ्या मोकळ्या होण्याचा जो दावा सांगितला जातो, त्यामागे बहुधा अमेरिकेतील डॉ. डीन ऑर्निश यांचे 1990 सालचे संशोधन असते. ते खरे आहे आणि महत्त्वाचेही आहे. मात्र त्यात जेमतेम 48 रुग्ण होते, आणि त्यांतल्या ज्या गटाने आहार बदलला, त्यांनी केवळ तेवढेच केले नव्हते, तर धूम्रपान सोडले होते, नियमित व्यायाम केला होता, ताण हलका करण्यासाठी रोज योगासने आणि ध्यान केले होते आणि एकमेकांच्या आधारासाठी गटाने भेटत राहिले होते. वर्षभरानंतर त्यांच्या रक्तवाहिन्यांतील अडथळे किंचित कमी झालेले दिसले. ‘आपोआप मोकळ्या झाल्या’ असे त्याला म्हणता येणार नाही. आणखी एक गोष्ट मुलाला जरूर सांगा, की त्या आहारात साय पूर्ण काढलेले दूध आणि दही चालत होते. तेव्हा घरातले ताक बंद करण्याची काही गरज नाही. म्हशीचे सायीसकट दूध मात्र यजमानांसाठी थांबवा, कारण त्याच्या एका मोठ्या पेल्यातून जवळपास 10 ग्रॅम संपृक्त मेद, म्हणजे कोलेस्टेरॉल वाढवणारा मेद, पोटात जातो. दीड टक्का मेदाचे डबल टोन्ड दूध आणा, त्याचेच विरजण लावा.

बाजारातून बदामाचे दूध मागवायची घाई करू नका. त्यात बदाम थोडे आणि पाणी फार असते, प्रथिने नावाला असतात. त्यापेक्षा चार बदाम भिजवून खाल्लेले बरे. पुढे कधी सर्वांनी मिळून दूध-दही पूर्ण सोडायचे ठरवलेच, तर जीवनसत्त्व बी-12 ची गोळी डॉक्टरांच्या सल्ल्याने कायमची चालू ठेवावी लागेल, कारण ते वनस्पतींतून विश्वासार्हपणे मिळत नाही. आपल्याकडच्या शाकाहारी माणसांत दूध-दही खाऊनही ते बरेचदा कमी सापडते. यजमानांची आणि सासूबाईंची ही तपासणी या महिन्यातच करून घ्या.

आता आपल्या मूळ प्रश्नाकडे येतो. टोरांटो विद्यापीठातील डॉ. डेव्हिड जेन्किन्स यांनी 2003 साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. कोलेस्टेरॉल वाढलेल्या 46 जणांचे तीन गट केले. एका गटाला साधा कमी मेदाचा आहार दिला, दुसऱ्याला तोच आहार आणि स्टॅटिनची, म्हणजे कोलेस्टेरॉल उतरवणारी, गोळी दिली, आणि तिसऱ्याला गोळी न देता ठरावीक वनस्पतीजन्य पदार्थांचा संच दिला : इसबगोल, जव आणि ओट्स, सोयाबीनचे पदार्थ, बदाम, भेंडी व वांगी यांसारख्या भाज्या, आणि वनस्पतींतील स्टेरॉल (कोलेस्टेरॉल शोषले जाऊ न देणारा घटक) मिसळलेले मार्गारीन, म्हणजे तेलापासून केलेले लोण्यासारखे मिश्रण. महिनाभरात एलडीएल, म्हणजे रक्तवाहिन्यांच्या भिंतींत साठणारे कोलेस्टेरॉल, गोळीच्या गटात सुमारे 31 टक्क्यांनी उतरले आणि या पदार्थांच्या गटात सुमारे 29 टक्क्यांनी. पुढे जेव्हा लोकांनी असा आहार आपापल्या घरी सहा महिने करून पाहिला, तेव्हा घट 13 टक्क्यांच्या आसपास राहिली, कारण प्रयोगशाळेची शिस्त घरात टिकत नाही. तरीही 13 टक्के ही काही थोडी घट नव्हे.

ही यादी वाचताना मला दरवेळी वाटते, की हे पदार्थ दूरच्या देशातले नाहीतच. ते मार्गारीन, बदाम आणि ओट्स सोडले, तर बाकी सगळे आपल्या माळव्यात सहज मिळते. इसबगोल नीमच-मंदसौरच्या शेतांत पिकते आणि नीमचच्या मंडीत उतरते. सोयाबीन तर माळव्याचे मुख्य पीक, आणि त्याच्या संशोधनाची राष्ट्रीय संस्था आपल्या इंदुरातच आहे. जव इथल्या किराणा दुकानात मिळतो, भेंडी-वांगी दारावरच्या हातगाडीवर. आपण सोयाबीन पिकवतो आणि त्याचे तेल तेवढे घरात आणतो, याची मला मनापासून खंत वाटते.

तेव्हा बदल असा करा. दळणाच्या चार वाट्या गव्हात एक वाटी जव घाला आणि पिठाचा कोंडा चाळून टाकू नका. पोळी थोडी जाडसर होईल, पहिल्या आठवड्यात तक्रार येईल, दुसऱ्यात येणार नाही. आठवड्यातून तीन-चार वेळा रात्री ज्वारीची भाकरी करा. दिवसातून एकदा उसळ हवीच : मूग, मटकी, चवळी, हरभरा, हिवाळ्यात सोलाणे. सोयाबीनच्या वड्या गरम पाण्यात भिजवून, दोन पाणी बदलून, घट्ट पिळून घेतल्या आणि मग रश्श्यात घातल्या, तर त्यांचा उग्र वास राहत नाही. न पिळता घातल्यामुळेच अनेक घरांतून त्या कायमच्या हद्दपार झाल्या आहेत. मूठभर शेंगदाणे, बदाम किंवा अक्रोड रोज चालतील, मात्र खारवलेले आणि तळलेले नकोत. भाजलेल्या जवसाची चटणी पानात असू द्या, तिच्यात मीठ बेताचे ठेवा. इसबगोल एक चहाचा चमचा, पुढे दोन, मोठा पेलाभर पाण्यात घालून लगेच प्यावे. ते आणि औषधांच्या गोळ्या यांत दोन तासांचे अंतर ठेवा, नाहीतर गोळी नीट शोषली जात नाही. पोहे चालूच ठेवा. त्यात मटार आणि मोड आलेले मूग घाला, वर लिंबू पिळा आणि शेवेऐवजी भाजलेले डाळे भुरभुरा. उपासाला साबुदाण्याच्या जागी भगर किंवा राजगिऱ्याची भाकरी आणि दह्यातली काकडी ठेवा.

तेल पूर्ण बंद करण्याचा मुलाचा आग्रह मला पटत नाही. शेंगदाणा, मोहरी, सोयाबीन यांची तेले हृदयाची शत्रू नाहीत, त्यांचे प्रमाण तेवढे बघायचे. यासाठी मी घरोघरी एक साधी युक्ती सांगत आलो आहे. तेलाची एक लिटरची पिशवी फोडाल, त्या दिवशी तिच्यावर पेनाने तारीख घाला. आपण घरात तिघे आहात. दर माणशी दिवसाला 20 ग्रॅम धरले, तर पिशवी 15 दिवस पुरायला हवी. आठव्या-नवव्या दिवशीच नवी फोडावी लागली, तर तेल कुठे गेले हे सांगायला कुठल्याही आहारतज्ज्ञाची गरज उरत नाही. फोडणीला थेट पिशवीतून किंवा किटलीतून धार न धरता चमच्याने तेल मोजून घ्या. तळणीचे उरलेले तेल पुन्हा पुन्हा तापवू नका. वनस्पती तूप घरात नकोच. जानेवारी 2022 पासून तेलातुपांतील ट्रान्स मेदावर (तेल घट्ट करताना तयार होणाऱ्या, हृदयाला घातक मेदावर) 2 टक्क्यांची मर्यादा देशात लागू आहे आणि ती चांगलीच गोष्ट आहे. पण ट्रान्स मेद घटला म्हणून वनस्पती तुपातला संपृक्त मेद कमी होत नाही. नमकीनच्या पाकिटावर पामोलिन, म्हणजे पाम तेल, लिहिले असेल, तर त्यातही संपृक्त मेद पुष्कळ असतो.

मिठाची मर्यादा दिवसाला 5 ग्रॅम, म्हणजे सगळ्या पदार्थांत मिळून एक सपाट चहाचा चमचा. पापड, लोणचे आणि जीरावन यांना रोजच्या पानातून उठवले, तर ही मर्यादा पाळणे तितकेसे कठीण नाही. कमी सोडियमचे मीठ आणण्यापूर्वी हृदयतज्ज्ञांना अवश्य विचारा, कारण त्यात पोटॅशियम असते आणि रक्तदाबाच्या काही गोळ्या चालू असताना किंवा मूत्रपिंड कमजोर असताना ते धोक्याचे ठरू शकते.

सासूबाईंच्या तुपाबद्दल मला जपून लिहायचे आहे, कारण त्या तुपात त्यांची मायाही कढलेली असते आणि तिचा अनादर मला करायचा नाही. त्यांच्या लहानपणी तूप होते, तसे पायी चालणे होते, जात्यावरचे दळण होते, विहिरीचे पाणी शेंदणे होते. गोड सणासुदीला होते आणि तळण पाहुण्यांना. खुर्चीत आठ तास बसणाऱ्या, स्टेंट बसलेल्या मुलाचे शरीर तो हिशेब पेलू शकत नाही. तुपातला साठ टक्क्यांहून अधिक भाग संपृक्त मेद असतो. हृदयरोग्याने असा मेद दिवसाला साधारण 13 ग्रॅमच्या आत ठेवावा, असे सांगितले जाते. चहाच्या चार चमच्यांत ती सगळी मर्यादा संपते, आणि बाफल्यावर चार चमच्यांनी कोणाचे समाधान होत नाही. म्हणून पहिल्या वाफाळत्या भातावर चहाचा एक चमचा तूप ठेवा, आणि ते सासूबाईंच्या हातूनच वाढले जाऊ द्या. पोळीला मात्र तूप नको. बाफले महिन्यातून एकदा करा आणि तुपात बुडवण्याऐवजी वरून चमच्याने सोडा.

आता गोळ्यांविषयी, आणि हे यजमानांना आपण मोठ्याने वाचून दाखवावे अशी माझी विनंती आहे. एकही गोळी स्वतःच्या मनाने थांबवू नका. रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या अचानक बंद केल्या, तर नव्या स्टेंटमध्ये गुठळी होऊन जिवावर बेतू शकते. त्या किती महिने घ्यायच्या हे स्टेंट बसवणाऱ्या डॉक्टरांनीच ठरवायचे असते. स्टॅटिनचे काम तर आकडा खाली आणण्यापुरते नसते. रक्तवाहिनीच्या भिंतीतला मेदाचा साठा फुटू नये यासाठीही ती गोळी मदत करते. एकदा झटका येऊन गेलेल्या माणसाचे एलडीएल 70 च्या खाली असावे, आणि अनेक हृदयतज्ज्ञ ते 55 च्याही खाली ठेवायला सांगतात. केवळ पथ्याने इतके खाली जाणे क्वचितच साधते. जेन्किन्स यांच्या प्रयोगातली माणसेही स्टेंट बसवलेली नव्हती. आहार आणि गोळी हातात हात घालून चालू द्या. आकडे फार सुधारले, तर डॉक्टर मात्रेचा विचार स्वतःच करतील.

आणि ती तंबाखूची चिमूट. ती ओढली जात नाही, चघळली जाते, एवढ्याने ती सौम्य ठरत नाही. त्यातले निकोटिन रक्तदाब आणि नाडीचा वेग वाढवते. इंटरहार्टच्याच माहितीत तंबाखू चघळणाऱ्यांमध्ये झटक्याचा धोका, तंबाखू कधीच न घेणाऱ्यांच्या तुलनेत, दुपटीहून अधिक दिसला. मी वर लिहिलेले जव, जवस आणि इसबगोल सगळे एका पारड्यात घातले, तरी ही एक चिमूट दुसऱ्या पारड्यात जड भरेल. हे मी भीती घालण्यासाठी लिहीत नाही. तीस वर्षांची सवय सोडणे किती कठीण असते हे मी जवळून पाहिले आहे, म्हणून त्यात मदत घेण्याचा जराही संकोच नसावा. केंद्र सरकारची 1800-11-2356 ही तंबाखूमुक्तीची निःशुल्क दूरध्वनी सेवा आहे. डॉक्टरांकडे निकोटिनच्या पर्यायी गोळ्यांबद्दलही विचारता येईल. जेवणानंतर हात आपोआप खिशाकडे जातो, त्या दहा मिनिटांसाठी भाजलेली बडीशेप किंवा लवंग जवळ ठेवा आणि त्याच वेळी दोघे मिळून गल्लीत फेरी मारायला निघा.

चालण्याचे प्रमाण आठवड्याला 150 मिनिटांपर्यंत, डॉक्टरांच्या परवानगीने, हळूहळू वाढवा. मेघदूत उपवन लांब पडत असेल, तर आपल्या वसाहतीतली बागसुद्धा पुरते.

दोन दिवस पित्त समजून अंगावर काढल्याचे आपण लिहिले आहे. हे फार घरांत होते, म्हणून वाचणाऱ्या प्रत्येकासाठी सांगतो. छातीच्या मध्यभागी दाब किंवा जळजळ, ती डाव्या हातात, जबड्यात, पाठीत पसरणे, थंड घाम, धाप, अकारण मळमळ, यांपैकी कोणतेही लक्षण काही मिनिटांत थांबले नाही, तर सोडा-लिंबू करत बसू नये. 108 ला दूरध्वनी करावा आणि रुग्णाला स्वतः गाडी चालवू देऊ नये. अशा वेळी जिभेखाली ठेवायची गोळी यजमानांना द्यायची का, हे आताच विचारून ठेवा आणि ती घरातल्या सर्वांना सापडेल अशा एकाच जागी असू द्या.

आपल्या पत्रात यजमान आहेत, मुलगा आहे, सासूबाई आहेत, पण आपण स्वतः कुठेच नाही. आपले वय, रक्तदाब, साखर, काहीही नाही. रजोनिवृत्तीनंतर स्त्रियांचा हृदयविकाराचा धोका वाढत जातो, आणि त्यांच्यात छातीत दुखण्याऐवजी कधी कधी केवळ थकवा, धाप किंवा मळमळ एवढेच लक्षण दिसते, म्हणून ते सहज नजरेआड होते. उरलेली शेव, कालची पोळी आणि तळाशी राहिलेली तुपकट आमटी बहुधा कोणाच्या पानात जाते, हे मला ठाऊक आहे. यजमानांच्या पुढच्या तपासणीसाठी रक्त घ्यायला माणूस घरी येईल, तेव्हा त्याला दोन नमुने घ्यायचे आहेत असे आधीच सांगून ठेवा, आणि आदल्या रात्रीचे जेवण आपणही त्यांच्याबरोबरच, वेळेवर, आठच्या आत घ्या.